नेटवर्क कार्डाची परीक्षा

यंत्रात बिघाड झाला म्हणजे दोष कोठे आहे, यापेक्षा तो कोणाच्या माथी मारता येईल, याचाच विचार बहुधा आधी होतो. संगणक परस्परांशी बोलेनासे झाले की हा आळ प्रथम नेटवर्क कार्डावर येतो. वस्तुतः एका संगणकातून निघालेल्या संदेशाला आज्ञावली, संगणकातील अंतर्गत विद्युत्मार्ग, कार्ड, केबल आणि पलीकडील यंत्र अशा पाच दुव्यांतून जावे लागते. यांपैकी कोणताही दुवा निखळला तरी बाह्य लक्षण एकच दिसते, आणि ते म्हणजे उत्तर न येणे. जुन्या संगणकाच्या बाबतीत घाईने दिलेला निवाडा महाग पडतो. त्याला बसणारी कार्डे आता सहजासहजी मिळत नाहीत. आणि एखाद्या प्रयोगशाळेतील मोजमापाचे उपकरण अशाच संगणकावर अवलंबून असले, तर निर्दोष कार्ड टाकून देण्याने मूळ बिघाड तर कायम राहतोच, शिवाय दुसरे कार्ड शोधण्याची नवी अडचण उभी राहते.

इथरनेट या पद्धतीची कल्पना १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. पुढे १९८३ मध्ये तिला आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची मानक म्हणून मान्यता मिळाली. या पद्धतीतील प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो व तो बहुधा कार्डावरच कोरलेला असतो. परीक्षेचा आरंभ या पत्त्यापासूनच करणे इष्ट होय. ड्रायव्हर या नावाने ओळखली जाणारी आज्ञावली सुरू होताना हा पत्ता पडद्यावर दाखविते. तो नीट वाचला गेला, तर संगणक व कार्ड यांचे दळणवळण चालू आहे असे समजावे. पत्त्याच्या सर्व जागी ‘एफ’ हेच अक्षर दिसले, तर बहुधा संगणकाने ज्या ठिकाणी हाक मारली तेथे कोणीच नव्हते, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी वीज बंद करावी, तार काढावी, कार्ड उपसून त्याचे संपर्कबिंदू स्वच्छ करावेत आणि ते खाचेत पुन्हा घट्ट बसवावे. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

दुसरा अडथळा अधिक फसवा आहे. संदेश आला की कार्ड संगणकाला एक विद्युत्संकेत देऊन चालू कामात थांबविते. या संकेताच्या वाटेला आयआरक्यू म्हणतात. जुन्या संगणकात अशा वाटांचे क्रमांक ० ते १५ एवढेच होते आणि त्यांतील पुष्कळसे आधीच व्यापलेले असत. एनई-२००० हे एके काळी अतिशय प्रचलित असलेले कार्ड मूळ मांडणीनुसार ३ क्रमांकाची वाट वापरी, आणि दुसऱ्या सीरियल पोर्टची वाटही तीच होती. अशा वेळी कार्डाचा पत्ता अचूक वाचला जातो, संगणक कसलीही तक्रार करीत नाही आणि तरीही उत्तर येत नाही; कारण संदेश दाराशी आल्याची वर्दीच आत पोचत नाही. कार्ड ५ किंवा १० यांसारख्या मोकळ्या क्रमांकावर नेऊन ड्रायव्हरलाही तोच क्रमांक कळविला, म्हणजे हा दोष दूर होतो.

यानंतर पिंग या आज्ञेची पाळी येते. ही आज्ञावली माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिली. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिचे नाव पडले आहे. १२७.०.०.१ या पत्त्यावर पिंग केले आणि उत्तर आले, की कार्ड निर्दोष आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. हा संदेश आज्ञावलीतच वळून परत येतो. कार्डाला त्याचा स्पर्शही होत नाही. कार्डाची खरी कसोटी घ्यावयाची, तर ज्यात पहिली तार तिसरीला व दुसरी सहावीला जोडली आहे असे प्लग कार्डाच्या तोंडात बसवावे आणि उत्पादकाने दिलेली तपासणीची आज्ञावली चालवावी. मग कार्डाने पाठविलेले त्यालाच ऐकू येते किंवा येत नाही.

आता केबलकडे वळू. पिळाच्या तारांच्या १०बेस-टी पद्धतीत कार्डावरील जोडणीचा दिवा लागला म्हणजे सर्व ठीक आहे, असे मानणे योग्य नव्हे. पलीकडून सुमारे १६ मिलिसेकंदांच्या अंतराने येणारे स्पंद कार्डाला ऐकू येतात, एवढेच तो दिवा सांगतो. कार्डाचे बोलणे पलीकडे पोचते की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून दोन्ही टोकांचे दिवे पाहिले पाहिजेत. त्याहून जुन्या, एकाच सहअक्षीय केबलीवर सर्व संगणक जोडण्याच्या पद्धतीत केबलीच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे रोधक बसवावे लागतात. सर्व यंत्रे बंद ठेवून मधल्या एखाद्या जोडावर मीटर लावला, तर सुमारे २५ ओहम दिसावयास हवेत, कारण दोन्ही रोधक समांतर जोडलेले असतात. मीटरने ५० दाखविले, तर एका बाजूची केबल तुटली आहे किंवा तेथील रोधक निघाला आहे. अशा स्थितीत त्या केबलीवरील सर्वच संगणक मुके होतात आणि प्रत्येक जण आपापल्या कार्डाला दोष देऊ लागतो.

सारांश, प्रत्येक चाचणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते, आणि तो प्रश्न कोणता हे जाणल्यावाचून त्या उत्तराला किंमत नसते. आतून बाहेर जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी. कार्ड दुसऱ्या, चालू असलेल्या संगणकात बसवूनही मुके राहिले, आणि दुसरे कार्ड पहिल्या संगणकात बोलू लागले, तरच त्या कार्डाला सदोष म्हणावे.