ॲनी मूर कोणती?

न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर १ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेचं नवं स्थलांतर केंद्र सुरू झालं. तिथे पहिली नोंद झाली ती आयर्लंडच्या कॉर्कहून आलेल्या ॲनी मूर या मुलीची. अँथनी आणि फिलिप या धाकट्या भावांना घेऊन ती ‘नेवाडा’ जहाजाने क्वीन्सटाउन, म्हणजे आजच्या कोव्ह बंदरातून निघाली होती. आईवडील आधीच न्यूयॉर्कला येऊन राहिले होते. केंद्राचे प्रमुख कर्नल जॉन वेबर यांनी तिच्या हातावर दहा डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवलं आणि वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. १९५४ साली केंद्र बंद होईपर्यंत सुमारे एक कोटी वीस लाख माणसं तिच्यामागून या बेटावर उतरली. इतक्या गाजावाजात आलेल्या मुलीचा पुढचा माग काढणं सोपं असायला हवं होतं. तरीही कित्येक वर्षं लोकांनी भलत्याच बाईला ॲनी मूर मानलं. ही चूक कागदांअभावी झाली, असं मला वाटत नाही. कागद होते. पण हाती आलेली कहाणी इतकी मनासारखी होती, की ते उघडून पाहण्याची निकड फारशी कुणाला भासली नाही.

ती कहाणी अशी : ॲनी न्यूयॉर्कहून पश्चिमेला टेक्ससला गेली, तिथे ओ’कॉनेल आडनावाच्या माणसाशी तिचं लग्न झालं आणि १९२३ साली फोर्ट वर्थजवळ रेल्वेगाडीच्या अपघातात ती गेली. आयर्लंडमधून निघालेली पोर, अमेरिकेचा मोकळा पश्चिम, शेवटी अकाली मृत्यू. अमेरिकेला स्वतःबद्दल जे सांगायला आवडतं ते सगळं यात आहे. टेक्ससच्या त्या बाईचे वंशज ही हकिकत मनापासून खरी मानत होते. त्यांना खोटारडं ठरवणं अन्यायाचं होईल. घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली गोष्ट ही साक्ष असते आणि साक्ष तपासायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. ती पार पाडली असती तर जनगणनेच्या कागदांनीच उत्तर दिलं असतं, कारण टेक्ससच्या ॲनीचा जन्म त्यांत इलिनॉय राज्यातला नोंदला आहे. ती परदेशातून आलेलीच नव्हती.

वंशावळ-संशोधक मेगन स्मोलेनियाक यांना ही विसंगती खटकली. खरी ॲनी सापडेपर्यंत २००६ साल उजाडलं. ती ज्या वाटेने सापडली ती मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. ॲनी मूर हे नाव आयरिश वस्त्यांमध्ये पैशाला पासरी, त्यामुळे केवळ त्या नावावर विसंबून कुणाचीही खातरजमा होणं अवघड होतं. म्हणून शोध भावंडांकडे वळला. न्यूयॉर्क शहराच्या अभिलेख विभागाचे प्रमुख ब्रायन अँडरसन यांनी धाकट्या फिलिपचा नागरिकत्वाचा दाखला शोधून काढला आणि त्याच्या कुटुंबाच्या धाग्याने संशोधक हयात वंशजांपर्यंत पोचले. मग चित्र उभं राहिलं. ॲनी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडची गरिबांची वस्ती सोडून कुठे गेलीच नव्हती. जर्मन वंशाच्या जोसेफ शेयरशी तिचं लग्न झालं. तो फुल्टनच्या मासळी बाजारात नोकरीला होता. तिला अकरा मुलं झाली, पण निम्म्याहून अधिक लहानपणीच दगावली. १९२४ साली ती वारली आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिला पुरलं. त्या जागेवर दगड बसला तो थेट २००८ मध्ये.

यावर जाणकार हमखास एक आक्षेप घेतील. आयरिश घराण्याचा इतिहास शोधायचा कसा, तिथली दप्तरं तर जळून गेली! जून १९२२ मध्ये यादवीच्या तोंडावर डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ संकुलातला दप्तरखाना आगीत गेला हे खरंच आहे. १८२१ ते १८५१ च्या बहुतेक जनगणना त्यात संपल्या. १८६१ पासून १८९१ पर्यंतच्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. अमेरिकेची १८९० ची जनगणनाही १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. म्हणजे मूर कुटुंबाच्या स्थलांतराच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही पानं गहाळ आहेत. पण आयर्लंडमध्ये १८६४ पासून सर्वांच्या जन्म-मृत्यूंची नोंद सुरू झाली होती आणि त्या नोंदी आगीतून वाचल्या. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या गावोगावच्या चर्चमध्येच असल्याने त्याही शाबूत राहिल्या. त्यांची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली सर्वांना खुली केली. पत्रकारांनी ॲनीचं आगमन तिच्या पंधराव्या वाढदिवशी झाल्याचं लिहिलं होतं. कॉर्कच्या नोंदींवरून ती तेव्हा सतरा वर्षांची ठरते. गोष्ट गोड करण्याचं काम पहिल्याच दिवशी सुरू झालं होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ॲनी हे प्रतीक आहे, कोव्ह आणि एलिस बेटावर १९९३ साली जे पुतळे उभे राहिले ते सगळ्याच स्थलांतरितांचे आहेत. मग ती टेक्ससला गेली की न्यूयॉर्कात राहिली, याने काय फरक पडतो? माझ्या मते खूप पडतो. एकोणिसाव्या शतकातले बहुसंख्य आयरिश स्थलांतरित मोकळ्या पश्चिमेत नव्हे, पूर्वेच्या शहरांत राहिले. दाटीच्या चाळींत राहून, मुलं पुरून, उरलेल्यांना वाढवून त्यांनी ती शहरं उभी केली. पश्चिमेची कहाणी त्यांचा हा वाटा पुसून टाकते. प्रतीक म्हणून कुणी हवंच असेल तर मासळी बाजारातल्या नोकरदाराची बायको अधिक खरी.

शिवाय या गोंधळात आणखी एकीवर अन्याय झाला, त्याकडे फार कुणी पाहत नाही. इलिनॉयमध्ये जन्मून टेक्ससमध्ये संसार केलेल्या त्या दुसऱ्या ॲनीचं आयुष्य परक्या मुलीच्या नावाखाली सांगितलं गेलं. तिचीही हकिकत अस्सल कागदांवरून, तिच्या स्वतःच्या नावाने लिहिली जायला हवी.