बालमजुरीवरील संशोधन कसे वाचावे?

बालमजुरी ही अनिष्ट प्रथा आहे, याविषयी आज फारसे दुमत उरलेले नाही. मतभेद आहेत ते तिच्या कारणांविषयी आणि उपायांविषयी. हे मतभेद शोधनिबंधांच्या पानांवरच राहत नाहीत. त्यांतून कायदे व योजना ठरतात आणि त्यांचे बरेवाईट परिणाम प्रत्यक्ष मुलांच्या वाट्याला येतात. म्हणून संशोधक आपले म्हणणे कशाच्या बळावर पटवून देतो, हे वाचकाला ओळखता येणे आवश्यक आहे. शिक्षण, कायदा व समाजकार्य या क्षेत्रांत वावरणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि सुजाण पालकांसाठी या विषयाची थोडक्यात मांडणी येथे करीत आहोत.

मन वळविण्याचे तीन मार्ग ॲरिस्टॉटलने सांगितले आहेत: बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनात जागी होणारी भावना आणि मांडणीतील तर्क. संशोधनात केवळ तर्कच असतो, असा सर्वसाधारण समज आहे. बालमजुरीवरील लेखनात मात्र हे तिन्ही मार्ग आढळतात. त्यात गैर काही नाही. परंतु प्रत्येकाची मर्यादा आपण जाणून घेतली पाहिजे.

प्रथम विश्वासाचा विचार करू. ‘जनगणनेनुसार’ हा शब्द वाचताच आपण पुढील आकडा निःशंकपणे स्वीकारतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ५ ते १४ वयोगटातील काम करणारी मुले सुमारे १ कोटी १ लाख होती. त्यांपैकी वर्षातून सहा महिने वा अधिक काळ काम करणारी मुले सुमारे ४३.५ लाख होती. दोन्ही आकडे एकाच जनगणनेचे आहेत. समस्येची व्याप्ती दाखवू इच्छिणारा लेखक पहिला आकडा निवडतो, ती ओसरत आहे असे सुचविणारा दुसरा. शिवाय स्वयंपाकपाणी व लहान भावंडांचा सांभाळ यांना जनगणना ‘काम’ मानीत नाही. आईवडिलांबरोबर बीडहून ऊसतोडीला गेलेली आणि शाळा सोडून कोपीवर धाकट्यांना सांभाळणारी मुलगी तेवढ्याच कामामुळे या दोन्ही आकड्यांत येत नाही. तेव्हा संस्थेच्या नावापाशी न थांबता, तिने ‘बालकामगार’ कोणाला म्हटले आहे, हे पाहावे.

दुसरा मार्ग भावनेचा. अमेरिकेतील लुईस हाइन या शिक्षकाने १९०८ पासून गिरण्या व खाणींतील मुलांची छायाचित्रे राष्ट्रीय बालश्रम समितीसाठी काढली. ती पाहून लोकमत हेलावले. परंतु हाइन केवळ करुणेवर विसंबला नाही. मुलाचे नाव, वय, कामाचे स्वरूप यांची तो नोंद करी; उंची आपल्या जाकिटाच्या गुंड्यांवरून मोजी. भावनेला पुराव्याची जोड मिळाली, ती अशी.

ही जोड सुटली आणि उपायाचा पुढचा विचारही झाला नाही, तर काय घडते, याचे उदाहरण बांगलादेशाचे आहे. मुलांच्या श्रमातून तयार झालेल्या मालाची आयात रोखणारे सेनेटर टॉम हार्किन यांचे विधेयक १९९३ च्या सुमारास अमेरिकेत चर्चेत होते. ते संमत झाले नाही. तथापि त्याच्या धास्तीने बांगलादेशातील तयार कपड्यांच्या कारखान्यांनी मुलांना कामावरून काढून टाकले. युनिसेफने ही संख्या अंदाजे ५०,००० सांगितली आहे. त्यांतील अनेक मुले शाळेत गेली नाहीत. ती दगडफोडीसारख्या अधिक धोक्याच्या कामांकडे वळल्याचे पुढे आढळून आले. अखेर १९९५ च्या करारान्वये अशा मुलांसाठी शाळा व मासिक विद्यावेतन यांची तरतूद करण्यात आली.

तिसरा मार्ग तर्काचा. तर्क निर्दोष दिसला, तरी तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते तपासावे लागते. मायरन वीनर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भारतातील बालमजुरीचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. इतर अनेक देशांनी गरीब असतानाच शिक्षण सक्तीचे केले. येथे मात्र हाताने राबणारे आणि बुद्धीने काम करणारे असा भेद मानणारी उच्चनीचतेची दृष्टी आड आली. कौशिक बसू व फाम होआंग व्हान यांनी १९९८ च्या निबंधात वेगळे गृहीतक घेतले: घरातील मोठ्यांची कमाई निर्वाहाला अपुरी पडते, तेव्हाच आईवडील मुलाला कामाला धाडतात. त्यावरून निघणारा निष्कर्ष असा की, बंदीमुळे प्रौढांची मजुरी पुरेशी वाढली तर मुले कामावर परतणार नाहीत. अन्यथा तीच बंदी गरीब कुटुंबाला अधिक हलाखीत लोटील. वीनर यांचे म्हणणे तपासताना, तुलनेसाठी घेतलेल्या देशांची परिस्थिती खरोखर सारखी होती काय, हे विचारावे. दुसऱ्या निबंधाविषयी, मजुरी वाढल्यावर मुले खरोखर शाळेत जातात काय, हे विचारावे.

जातीने नेमून दिलेल्या श्रमाचा भार आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वाहिला आहे. त्यामुळे वीनर यांचा युक्तिवाद आपणांस चटकन पटतो. जे चटकन पटते, ते अधिक काळजीपूर्वक तपासणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय. आमच्या विद्यार्थ्यांनी या विषयावर लिहिताना आकड्याबरोबर व्याख्या द्यावी, मुलाच्या कहाणीबरोबर तिचा पुरावा द्यावा आणि उपाय सुचविताना, काम सुटलेले मूल दुसऱ्या दिवशी कोठे जाईल, हेही सांगावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.