विक्रेत्याने शब्द फिरविल्यास

साठेखत होते, इसार दिला जातो आणि भाव वाढताच जागामालक खरेदीखत करून देण्यास नकार देतो. अशा वेळी इसार परत घेऊन गप्प बसू नये, असे आम्ही सुचवितो. साठेखताने मालकी मिळत नाही. परंतु १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमानुसार न्यायालय खरेदीखत करून देण्याचा आदेश देऊ शकते. २०१८ च्या दुरुस्तीने हा उपाय अधिक बळकट झाला आहे. मात्र उर्वरित रक्कम देण्याची आपली तयारी सिद्ध करावी लागते. म्हणून प्रथम वकिलामार्फत लेखी नोटीस पाठवावी. ठरलेल्या तारखेपासून, तारीख ठरली नसल्यास नकार कळल्यापासून, ३ वर्षांत दावा दाखल करावा. महाराष्ट्रात त्या दाव्याची सूचना दुय्यम निबंधकांकडे नोंदविल्यास, पुढे जागा तिसऱ्यास विकली गेली तरी आपला हक्क सुरक्षित राहतो.