न दिसणाऱ्या बिंदूचा रंग

शाळेचा गोल लोगो पांढऱ्या स्लाइडवर झकास दिसतो. तीच स्लाइड गडद निळी केली की लोगोभोवती पांढरा चौकोन उमटतो. तो कसाबसा घालवला, तरी कडेला मळकट किनार उरतेच. आपण सॉफ्टवेअरला बोल लावतो. पण दोष बहुधा चित्राच्या आत असतो, आणि तो शोधताना एक अजब गोष्ट कळते: जो बिंदू अजिबात दिसत नाही, त्यालाही रंग असतो!

साध्या रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूचे, म्हणजे पिक्सेलचे, तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. पारदर्शक चित्रात चौथा आकडा येतो, अल्फा. तो २५५ असेल तर बिंदू ठसठशीत, ० असेल तर आरपार, मधला असेल तर अर्धवट. हा आकडा रंगांच्या सोबतच साठवायची कल्पना अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांची. साल १९७७, ठिकाण न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. पुढे हेच दोघे पिक्सारच्या संस्थापकांत होते.

आता ती किनार पाहू. पांढऱ्यावरचं काळं वर्तुळ खूप मोठं करून बघा. कडेला राखाडी बिंदूंची रांग दिसेल, कारण ते बिंदू अर्धे वर्तुळात, अर्धे बाहेर पडतात. त्यांच्यात पांढरा मुरलेला असतो. पॉवरपॉइंटमधलं ‘सेट ट्रान्स्परंट कलर’ एकच रंग उडवतं. पांढरा जातो, राखाडी राहतो. जेपेग असेल तर आणखी पंचाईत. त्यात अल्फा नसतोच, शिवाय ते चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे तुकडे करून आकार घटवतं. त्यात कडेजवळच्या २५५ चे कुठे २५३, कुठे २५४ होतात. डोळ्यांना सगळं पांढरंच, सॉफ्टवेअरला मात्र हे वेगळे रंग, म्हणून ठिपके उरतात. लिबरऑफिस इम्प्रेसच्या ‘कलर रिप्लेसर’मध्ये निदान जवळपासचे रंगही पकडता येतात.

पण अल्फा साठवणारं पीएनजी चित्र खरोखर पारदर्शक असूनही काळपट किनार का येते? चित्र लहान करताना शेजारच्या बिंदूंची सरासरी काढली जाते. एक बिंदू भडक लाल: २५५, ०, ०. शेजारचा पूर्ण आरपार, पण त्याच्या पोटात काळा: ०, ०, ०. सरळ सरासरी काढली तर अल्फा निम्मा होतो, ते बरोबरच; पण लालही निम्मा होतो. हवा होता अर्धपारदर्शक भडक लाल, मिळाला अर्धपारदर्शक काळपट लाल. अदृश्य काळ्याने आपला वाटा घेतला!

उपाय सुंदर आहे: सरासरीआधी प्रत्येक रंगाला अल्फाने गुणायचं. अल्फा शून्य, तर रंगाचं वजनही शून्य. लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ च्या शोधनिबंधात चित्रावर चित्र चढवण्याचं सगळं गणित याच पायावर मांडलं. स्मिथ आणि कॅटमुलसह या दोघांना १९९६ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मान्यता मिळालेलं पीएनजी मात्र रंग न गुणताच साठवतं. म्हणून लपलेला रंग फाइलमध्ये तसाच राहतो, आणि गुणाकाराची जबाबदारी चित्र उघडणाऱ्या सॉफ्टवेअरवर येते.

तेव्हा शक्य असेल तर लोगोची मूळ एसव्हीजी फाइल मागवा. तिच्यात बिंदू नव्हे, आकारच साठवलेले असतात, म्हणून तिची कड समोरच्या पार्श्वभूमीवर दरवेळी नव्याने रेखली जाते. नसेल तर पीएनजी घ्या, आणि कॉपी-पेस्ट न करता ‘इन्सर्ट’मधून आणा, कारण पेस्ट करताना कधी कधी अल्फाच गळतो. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या चित्रामागे पारदर्शकता दाखवणारे राखाडी-पांढरे चौकोन स्लाइडवरही दिसले, तर ते चित्रातच रंगवलेले आहेत. दुसरी फाइल शोधा. मग तोच लोगो एका काळ्या आणि एका पांढऱ्या स्लाइडवर ठेवा. काळ्यावर उजळ किनार दिसली तर कडेत पांढरा मुरलाय, पांढऱ्यावर काळपट दिसली तर आत काळा लपलाय. दोन्हीकडे कड स्वच्छ असेल, तर स्लाइडला हवा तो रंग द्या.