कॉम्प्युटर नवा आला, खतावणी कुठे गेली?

पहाटेची साडेपाचची वेळ. दूध संस्थेच्या दारात किटल्या घेऊन रांग लागलेली. सेक्रेटरी कालच बसवलेल्या नव्या कॉम्प्युटरचे बटण दाबतात. पडदा झकास उजळतो. पण संकलनाचा प्रोग्रॅम उघडायला जावे, तर मधोमध इंग्रजीत एक चौकट उभी राहते. मतलब एवढाच, की डेटाबेसशी संपर्क होत नाही. पुन्हा दाबले, पुन्हा तीच चौकट. रांगेतून आवाज येतो, "काय झालं हो सेक्रेटरी? आमचं धा दिवसांचं दूध त्यातच बुडालं का काय?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा प्रसंग कोण्या एका गावचा नाही. दूध संस्था, विकास सोसायटी, पाणीपुरवठा संस्था, जिथे जिथे कॉम्प्युटर बदलतो तिथे तो घडू शकतो. त्यात विंडोज १० या प्रणालीला मिळणारी कंपनीची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. त्यामुळे जुने डबे काढून नवे आणण्याची वेळ बऱ्याच कार्यालयांवर आली आहे. म्हणूनच या चौकटीचा अर्थ सेक्रेटरींनी, संचालकांनी आणि सभासदांनीही समजून घ्यायला हवा.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. संपर्क होत नाही याचा अर्थ हिशेब बुडाला असा होत नाही.

कपाट, पत्ता आणि किल्ली

पूर्वी संस्थेत कीर्द-खतावणी लाकडी कपाटात असे. आता त्या खतावणीला डेटाबेस म्हणतात, आणि ती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हर. सेक्रेटरी पडद्यावर जे पाहतात ती नुसती खिडकी. खिडकीतून खतावणीपर्यंत जायला चार गोष्टी लागतात : कपाट कुठे आहे तो पत्ता, आत जायचे दार, किल्ली, आणि कोणती वही काढायची तिचे नाव. म्हणजेच सर्व्हरचे नाव, पोर्ट, युजर-पासवर्ड आणि डेटाबेसचे नाव. कॉम्प्युटर बदलला की या चारांपैकी एखादी गोष्ट हमखास चुकते. नवा गडी आला, पण त्याला वाडा कुणी दाखवलाच नाही, असा हा प्रकार.

पहिल्या तासात काय करावे?

संकलन थांबवू नका. वजनकाटा आणि फॅटचे यंत्र आपापले आकडे स्वतःच्या पडद्यावर दाखवतात. साध्या वहीत सभासदाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ आणि सकाळ की संध्याकाळ, एवढे लिहा. दरपत्रकाची छापील प्रत भिंतीवर असेल तर दरही तिथेच कळतो. हाताने लिहिलेली चिठ्ठी सभासदाला द्या. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर त्याच तारखेला नोंदी भरता येतात.

दुसरे, चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा. "एरर येतोय" एवढ्यावर फोनवरून कुणालाच निदान करता येत नाही. नेमके शब्द आणि नंबर लागतात.

तिसरे, जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका, पुसू नका, कुणाच्या घरी पाठवू नका. खरी खतावणी अजून त्याच्याच पोटात असण्याची शक्यता मोठी.

आणि चौथे, 'नवा डेटाबेस तयार करायचा का?' असे प्रोग्रॅमने विचारले तर घाईने 'हो' म्हणू नका. कोरी वही उघडेल, त्यात आजच्या नोंदी होतील, आणि दहाव्या दिवशी बिल काढताना दोन वह्यांचा मेळ बसणार नाही.

चौकट काय सांगते, ते वाचा

चौकटीची भाषा इंग्रजी असली तरी तिच्या तऱ्हा मोजक्याच आहेत.

'सर्व्हर सापडला नाही' असे असेल तर पत्ता किंवा दार चुकले. नव्या यंत्राला विंडोज आपणहून 'डेस्कटॉप' आणि पुढे काही अक्षरे-आकडे असे नाव देते. प्रोग्रॅम मात्र जुन्याच नावाने हाका मारत असतो. अशा वेळी प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये नवे नाव घालावे, किंवा नव्या यंत्राला जुने नाव द्यावे. पण जुने यंत्र त्याच वायरवर चालू असताना दोघांना एकच नाव देऊ नये. आयपी पत्त्याने जोडणी केली असेल, तर राउटरने नव्या यंत्राला वेगळा पत्ता दिला का तेही पाहावे आणि डेटा असलेल्या यंत्राचा पत्ता कायमचा ठरवून घ्यावा.

नाव बरोबर असूनही सर्व्हर सापडत नसेल, तर सर्व्हरचा प्रोग्रॅम मुळात चालू आहे का ते 'सर्व्हिसेस'च्या यादीत बघा. तो यंत्राबरोबर आपोआप सुरू होईल असे करून घ्या. संस्थेत दोन कॉम्प्युटर असतील, एकावर डेटा आणि दुसरा काउंटरवर, तर अडचण बहुधा दारात असते. एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती नवी बसवली की बाहेरून येण्याची टीसीपी/आयपी वाट सुरुवातीला बंदच असते, ती मुद्दाम उघडावी लागते. शिवाय विंडोजचा फायरवॉल राखणदारासारखा आडवा येतो. एसक्यूएल सर्व्हरचे नेहमीचे पोर्ट १४३३, मायएसक्यूएलचे ३३०६. तेवढेच दार, आणि तेही कार्यालयातल्या यंत्रांपुरतेच उघडावे. काही कारागीर कटकट नको म्हणून फायरवॉल सगळाच बंद करून जातात. म्हणजे एक गडी आत यावा म्हणून गावकुसाचे सगळे दरवाजे सताड उघडे टाकण्यासारखे झाले. तसे करू देऊ नका.

'लॉगिन फेल्ड' असे आले तर उलट थोडे हायसे वाटू द्या. वाट सापडली, दारही उघडले, फक्त किल्ली लागली नाही. पासवर्ड चुकला असेल, किंवा डेटा नव्या यंत्रावर आला पण सर्व्हरवरची युजरची यादी जुन्या यंत्रावरच राहिली असेल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे वारंवार होते. जाणकार माणूस ती यादी पुन्हा जुळवून देतो. त्यासाठी डेटाला धक्का लावायची गरज नसते.

'डेटाबेस उघडता येत नाही' म्हणजे कपाट आहे, वही त्यात ठेवलीच नाही, किंवा वहीला हात लावायची परवानगी नाही.

'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड' हा जुन्या प्रोग्रॅमांचा खास आजार. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. आपला जुना हिशेबाचा प्रोग्रॅम बहुधा ३२ बिटचा. विंडोजमध्ये अशा जोडण्या नोंदवायच्या ओडीबीसीच्या दोन वेगवेगळ्या खिडक्या आहेत, एक ६४ बिटची, एक ३२ बिटची. कारागिराने ६४ च्या खिडकीत जोडणी केली तर ३२ च्या प्रोग्रॅमला ती दिसतच नाही. जोडणी ३२ च्या खिडकीत केली, की काम पाच मिनिटांचे.

डेटा हलवताना

खतावणी जुन्या यंत्रावरून आणायची तर सर्व्हर चालू असताना फाइली तशाच उचलून आणू नका. रीतसर बॅकअप घ्या, तो पेन ड्राइव्हवर दोन प्रतींत ठेवा आणि नव्या यंत्रावर परत भरा. एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या आवृत्तीतला बॅकअप जुन्या आवृत्तीत भरता येत नाही, हेही आधीच विचारून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रोग्रॅम उघडला म्हणजे काम झाले, असे मानू नका. कारागिराच्या हाती तीन महिन्यांपूर्वीचा बॅकअप लागला आणि त्याने तोच भरला, तरीही प्रोग्रॅम हसतमुखाने उघडतो. चौकट येत नाही, सगळे टाळ्या वाजवतात, आणि तीन महिन्यांच्या नोंदी गायब असतात. न जुळलेल्या जोडणीपेक्षा चुकीच्या वहीशी जुळलेली जोडणी जास्त वाईट. म्हणून कारागीर समोर बसलेला असतानाच चार गोष्टी ताडून पाहा : शेवटच्या संकलनाची तारीख, त्या वेळचे एकूण लिटर, सभासदांची संख्या, आणि दोन-तीन सभासदांची बाकी. हे आकडे कागदावरच्या पावत्यांशी जुळले, तरच त्याच्या बिलावर सही करा.

सभासदांनो, तुमच्या हातातली पावती इथेच कामाला येते. निदान बिल मिळेपर्यंत तरी ती चुलीत घालू नका.

कुठली खतावणी आपली नाही?

सगळ्याच अडचणी आपल्या कार्यालयात सुटणाऱ्या नसतात. केंद्र सरकारने २०२२ साली सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाचा २,५१६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. त्यात एकाच सामाईक प्रणालीवर हिशेब ठेवण्याची योजना आहे. अशा कामात आणि ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन कामात खतावणी दूरच्या सर्व्हरवर असते. तिथे इंटरनेट, तारीख-वेळ आणि आपला पासवर्ड एवढे तपासा. ते ठीक असेल तर चौकटीचा फोटो वरच्या कार्यालयाला पाठवा. आपले यंत्र उगाच खोलत बसू नका.

दप्तरात एक पान ठेवा

शेवटी संचालक मंडळी आणि ग्रामसेवकांना एक विनंती. कॉम्प्युटरचे बिल मंजूर करताना एक पान लिहून मागा : सर्व्हरचे नाव, आयपी पत्ता, पोर्ट, डेटाबेसचे नाव, कोणती आवृत्ती, बॅकअप कुठे आणि शेवटचा कधीचा. पासवर्ड वेगळ्या बंद लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवा. तो फक्त कारागिराच्या डोक्यात राहिला, तर ज्या दिवशी त्याचा फोन लागणार नाही, त्या दिवशी संस्थेला कुलूप लागले म्हणून समजा. आणि फोनवर कुणी अनोळखी माणूस "मी कंपनीतून बोलतोय" म्हणून पासवर्ड मागू लागला, तर खुशाल फोन ठेवून द्या.

जुने सेक्रेटरी निवृत्त होताना कपाटाच्या किल्ल्या मोजून देत आणि पोचपावती घेत. यंत्र बदलतानाही तीच रीत पाळा. म्हणजे पहाटे रांगेतल्या माणसाने विचारले, "आमचं बिल निघणार का?" तर सेक्रेटरींना मान वर करून सांगता येईल, "निघणार. वही जाग्यावर हाय."