टीम मुंबईची, मॅच भलतीकडे

सकाळचे ७:४०. घाटकोपर स्टेशन. मेट्रोतून उतरून लोकलकडे धावणारा एक लोंढा आणि लोकलमधून उतरून मेट्रोकडे धावणारा दुसरा, पुलावर एकमेकांना भिडलेले. अशा गर्दीत एखादी मुलगी कानात इअरफोन घालून, दोन-दोन लोकल सोडून देत मोबाइलमध्ये डोळे खुपसून उभी दिसली, तर तिचा ब्रेकअप झालाय असं समजू नका. ती मी असेन. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळचे ७:१० झालेले असतात आणि डॉजर्सची मॅच नुकती सुरू झालेली असते.

हो, बेसबॉल. आणि थंडीच्या दिवसांत अमेरिकन फुटबॉल. भटवाडीतल्या मुलीला हे खूळ लागलं कुठून, हा प्रश्न तुमच्या आधी आमच्या आजीने विचारून झालाय. ‘‘त्या माणसांना तू ओळखतेस तरी का गं?’’ मी म्हटलं, ‘‘आजी, रात्री आठच्या मालिकेतल्या सुनेसाठी तू रडतेस, तिला तू ओळखतेस का?’’ त्यानंतर दोन दिवस मला चहा स्वतःचा स्वतः करून घ्यावा लागला. पण आजीचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. एखादी टीम ‘आपली’ होते म्हणजे नेमकं काय होतं? आज तुमच्याशी त्यावरच बोलायचंय.

बोकडाचा शाप

सुरुवात झाली मावसभावामुळे. तो शिकागोला नोकरीला गेला आणि सुट्टीवर येताना माझ्यासाठी एक निळी टोपी घेऊन आला. त्यावर लाल ‘सी’. शिकागो कब्ज. म्हणाला, ‘‘ही जगातली सगळ्यात दुर्दैवी टीम आहे, तुला आवडेल.’’ आवडली!

गोष्टच तशी होती. कब्जनी १९०८ साली अजिंक्यपद जिंकलं आणि मग थेट दुष्काळ. १९४५ मध्ये एका खानावळवाल्याला त्याच्या पाळीव बोकडासकट मैदानाबाहेर काढलं, त्याने जाता जाता शाप दिला म्हणे. आजीला हे सांगितल्यावर तिला पहिल्यांदा अमेरिकेबद्दल आपुलकी वाटली. आपल्याकडचीच माणसं निघाली ती!

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, भाऊबीज नुकती उरकली होती, तेव्हा अंतिम मालिकेची सातवी, निर्णायक मॅच आपल्या पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू झाली. नऊ डाव संपले तरी ६-६ बरोबरी. मग पाऊस. १७ मिनिटं खेळ थांबला. दहाव्या डावात कब्ज ८-७ ने जिंकले, तेव्हा इकडे सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि माझ्यासमोरचा चिवडा संपला होता. १०८ वर्षं! या काळात किती जण वाट बघत जन्मले आणि वाट बघतच गेले असतील. तरी पोरानातवंडांना तीच टोपी घालून गेले. टीम ‘आपली’ होण्याचा पहिला नियम मला तिथे कळला. ती जिंकते म्हणून आपली नसते. हरताना आपण तिथे असतो, म्हणून आपली असते.

आता माझी मतं. पटली नाहीत तर भांडा, पण आधी वाचा.

डॉजर्स: बघते, पण जीव लावत नाही

मग मी लोकल सोडते ती डॉजर्ससाठी कशाला? कारण ती टीम आपल्या ऑफिसच्या वेळेत खेळते आणि तिथे शोहेई ओहतानी आहे. बॅटिंगही करतो, पिचिंगही करतो. क्रिकेटमध्ये ऑलराउंडर आपल्या सवयीचा, पण बेसबॉलमध्ये या पातळीवर दोन्ही करणारा माणूस म्हणजे नवलच. त्याच्याशी डॉजर्सनी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं अजिंक्यपद त्यांचंच. बेसबॉलमध्ये टीमने एकूण किती पगार द्यावा यावर पक्की मर्यादा नाही. ज्याचा खिसा मोठा त्याची बाजारात चैन. म्हणून बघते, टाळ्या वाजवते, पण जीव लावत नाही.

शिवाय एक जुनी गोष्ट खटकते. डॉजर्स मुळात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचे. तिथल्या रस्त्यांवर ट्रामची इतकी गर्दी, की लोक ट्राम चुकवत चालायचे. त्या ‘चुकवणाऱ्यांवरून’ टीमला नाव पडलं. एलबीएस मार्गावर रिक्षा चुकवत रस्ता ओलांडणाऱ्या आपल्या सगळ्यांचीच टीम म्हणा ना! पण १९५७ चा हंगाम संपला आणि मालकाने अख्खी टीम उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेली. नाव तेच राहिलं. ट्राम चुकवणारी माणसं मागे राहिली.

ग्रीन बे: असं असावं

अमेरिकन फुटबॉलमध्ये माझी टीम ग्रीन बे पॅकर्स. यासाठी सोमवारी सकाळी डोळे तांबारलेले घेऊन ऑफिसला जायची माझी तयारी असते. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. घाटकोपरच्या मानाने कोपराच. पण त्यांच्या स्टेडियममध्ये ८१ हजारांवर माणसं बसतात आणि सीझन तिकिटाच्या प्रतीक्षा यादीत लाखावर नावं आहेत.

कारण काय? या टीमला एक मालकच नाही. १९२३ पासून ती लोकांची आहे. पाच लाखांवर भागधारक. गंमत म्हणजे या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो विकून नफाही कमावता येत नाही. मिळतं काय, तर भिंतीवर लावायला एक कागद आणि वार्षिक सभेत मत. आपल्या सोसायटीच्या सर्टिफिकेटसारखंच, फक्त इथे पार्किंगवरून भांडणं नाहीत. पण त्या कागदाची ताकद बघा, कुणी एक शेठ उठून ‘चला, उद्यापासून टीम दुसऱ्या शहरात’ असं म्हणूच शकत नाही.

ओकलंड: असं होऊ नये

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं मात्र उलट झालं. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे तीन मोठ्या टीम होत्या. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले. फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला. उरले बेसबॉलचे अ‍ॅथलेटिक्स, १९६८ पासून तिथेच असलेले. त्यांच्याही मालकांनी वेगासची वाट धरली.

लोकांनी काय केलं? मॅचवर बहिष्कार टाकला असता तर ‘बघा, इथे कुणी येतच नाही’ म्हणायला मालक मोकळे. म्हणून १३ जून २०२३ ला त्यांनी उलटा बहिष्कार केला. ठरवून सगळे आले. एरवी ओस पडलेल्या स्टेडियममध्ये २७ हजारांवर माणसं, अंगात हिरवे टीशर्ट, त्यावर एकच शब्द: ‘विका’. म्हणजे टीम विका, पण इथून नेऊ नका. त्या रात्री टीम जिंकलीसुद्धा. तरी काही उपयोग झाला नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली आणि लोक मैदानातली माती पिशव्यांत भरून घरी घेऊन गेले. मी ते फोनवर बघत होते. रडले, हे आजीला सांगू नका.

मुंबई ग्लॅडिएटर्स आठवतात?

‘अगं पण हे सगळं तिकडचं. आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणत असाल, तर एक प्रश्न विचारते. मुंबई ग्लॅडिएटर्स हे नाव ऐकलंय? नाही ना? ही आपल्या शहराची अमेरिकन फुटबॉल टीम होती! २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाची घोषणा झाली. मुंबई ग्लॅडिएटर्स, पुणे मराठाज, दिल्ली डिफेंडर्स अशा टीम उभ्या राहिल्या. पहिल्या हंगामाचं अजिंक्यपद पुणे मराठाजनी घेतलं. पण सामने झाले कुठे? श्रीलंकेत, कोलंबोला. तिथे खेळून, चित्रित करून मग टीव्हीवर दाखवले.

खेळणारी मुलं खरी होती, त्यांचा घामही खरा होता. पण मुंबईच्या नावाची टीम मुंबईकरांसमोर खेळलीच नाही. टीम जिंकली काय, हरली काय, भटवाडीत कुणाच्या चहाची चव बदलली नाही. ओकलंडकडे माणसं आहेत, टीम नाही. ग्लॅडिएटर्सकडे टीम होती, माणसं नव्हती. जर्सीवर शहराचं नाव छापलं की काम झालं, असं नसतं.

आणि आपली यू मुंबा

आता मुद्द्यावर येते. माझे बाबा तरुणपणी मंडळाकडून कबड्डी खेळायचे. गुडघा गेला, खेळ सुटला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा टीव्हीसमोर बसून ते अनुप कुमारला सूचना द्यायला लागले आणि आईच्या भाषेत ‘घरात परत माणूस दिसायला लागला’. २०१५ ची फायनल वरळीत झाली, यू मुंबाने बेंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवलं. त्या रात्री आमच्या चाळीत पेढे वाटले गेले.

पुढे खेळाडू गेले. सिद्धार्थ देसाई, चंदगडचा वाघ, एक हंगाम गाजवून तेलुगू टायटन्सकडे गेला. वाईट वाटलं, पण खेळाडू जाणारच हे मान्य आहे. त्याचं करिअर चार दिवसांचं, चांगले पैसे मिळाले तर त्याने का सोडावेत?

२०२४ च्या जानेवारीत स्पर्धा बाराही संघांच्या गावी गेली आणि मी बाबांना वरळीला घेऊन गेले. घाटकोपरहून दादर, दादरहून महालक्ष्मी, पुढे टॅक्सी. रेडर मध्यरेषेपलीकडे गेला आणि हजारो लोकांनी एकदम श्वास रोखला. त्या शांततेत बाबा गुडघा विसरून उभे राहिले होते. टीव्हीवर ते कधीच उभे राहिले नव्हते.

त्यानंतर? अकराव्या हंगामाचे सामने झाले हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात. बाराव्याचे विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. मुंबईत एकही नाही. बाबा दर वर्षी विचारतात, ‘‘यंदा वरळीला कधी जायचं?’’ गेल्या वर्षी मी वेळापत्रक दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे आता आपणच पाहुणे.’’

कमी शहरांत स्पर्धा ठेवली की प्रवास वाचतो, खर्च वाचतो, हे कळतं मला. सगळा हिशेब टीव्हीवर जुळतो, हेही कळतं. यू मुंबाने सामान बांधलेलं नाही, हेही खरं. पण डोळ्यांसमोर खेळणारी टीम आणि पडद्यावर दिसणारी टीम यांत फरक असतो. तो फरक म्हणजे उभे राहिलेले बाबा. ज्यांनी अजून वरळीत यू मुंबा बघितलीच नाही, अशी आमच्या बिल्डिंगमधली दहा-बारा वर्षांची पोरं कुणाची टोपी घालणार? फोनवर जी टीम आधी दिसेल तिची. माझ्यासारखीच, लांबच्या गावाची.

आपण ग्रीन बेसारखे शेअर घेऊ शकत नाही. पण दोन गोष्टी जमतील. मुंबईत सामने नाहीत याची खंत मनात ठेवू नका. टीमच्या प्रत्येक पोस्टखाली, नम्रपणे पण न चुकता विचारा, ‘घरी कधी येताय?’ २०२४ मध्ये मुंबई इंडियन्सचा कर्णधार बदलल्यावर वानखेडेवर केवढा आवाज झाला होता! त्यातला थोडा चांगल्या कामासाठी वापरू या. दुसरी गोष्ट त्याहून सोपी. थंडीत आपल्याच गल्लीबोळांत मंडळांच्या कबड्डी स्पर्धा होतात. दिव्यांच्या माळा, कर्कश लाउडस्पीकर, तिकीट नाही. जा. एक टीम निवडा. ती हरली तरी शेवटपर्यंत थांबा.

मी यंदा जाणार आहे. बाबांसाठी घडीची खुर्ची घेऊन. ते तिच्यावर बसून राहतील असं मात्र वाटत नाही.