कोयता, विळा आणि कलम-चाकूसाठी पोलादाची निवड

ऊसतोडणी, भात कापणी, फळझाडांची कलमे ही सर्व कामे धारेच्या हत्यारावर अवलंबून असतात. तथापि, बियाणे व खते घेताना आपण जी काळजी घेतो ती कोयता किंवा विळा घेताना घेत नाही. बोथट कोयत्याने ऊस जमिनीलगत तुटत नाही. उसाच्या खालच्या कांड्यांत साखरेचे प्रमाण जास्त असल्याने उंच राहिलेल्या बुडख्यांत वजन व साखर दोन्ही वाया जातात; बुडखे चिरल्यास खोडव्याच्या फुटीवरही परिणाम होतो. भात उंचावरून कापल्यास खोडकिडीच्या अळ्या धसकटांत राहतात. कलमाचा काप खडबडीत झाल्यास खुंट आणि कलमकाडी नीट जुळत नाहीत.

धार का जाते?

धार तीन प्रकारे जाते. ऊस व भातातील सिलिका आणि चिकटलेली माती यांमुळे ती झिजते. पोलाद मऊ असल्यास ती मुडपते. पोलाद फार कडक व ठिसूळ असल्यास दगडावर आपटून तिचे टवके उडतात. कडकपणा वाढला की धार जास्त टिकते, परंतु चिवटपणा कमी होतो. म्हणून सर्व कामांना एकच पोलाद उत्तम ठरत नाही. पाते कशावर आपटणार आहे, हे पाहून निवड करावी.

पोलादाचे प्रकार

१) साधे लोखंड (माइल्ड स्टील) : कार्बन साधारणपणे ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी. पाणी दिले तरी ते फारसे कडक होत नाही. स्वस्त असले तरी धार लवकर मुडपते. धारेच्या हत्यारासाठी वापरू नये.

२) कमानीचा पाटा : ट्रकच्या कमानीच्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६५ टक्के कार्बन असतो. ते चिवट असून धक्का सहन करते. ऊसतोडणीचा कोयता व कुऱ्हाड यांसाठी सर्वांत योग्य.

३) उच्च कार्बन पोलाद : कानशीत १ टक्क्याहून अधिक कार्बन असतो. धार अत्यंत बारीक येते व दीर्घकाळ टिकते, पण दगड लागल्यास टवका उडतो आणि गंजही लवकर चढतो. कलम-चाकूसाठी उत्तम, कोयत्यासाठी वापरू नये.

४) स्टेनलेस स्टील : चाकूच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम असते. चीक व ओलाव्याने ते सहज गंजत नाही. स्वस्त प्रकारात कार्बन कमी असल्याने धार वारंवार लावावी लागते. भांड्यांचे नेहमीचे स्टेनलेस स्टील पाणी देऊन कडक होत नाही, म्हणून त्याचा चाकू करू नये.

पाणी देणे महत्त्वाचे

चांगले पोलाद असूनही चुकीचे पाणी दिल्यास हत्यार निकामी ठरते. पाते लालबुंद तापवावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडे अधिक तापवून पाते विझवावे. कमानीचा पाटा शक्यतो तेलात विझवावा, कारण एकदम पाण्यात बुडविल्यास धारेला बारीक तडे जाऊ शकतात. विझविलेले पाते ठिसूळ असते. म्हणून ते घासून चकचकीत करावे व पुन्हा मंद तापवावे. कलम-चाकूसाठी गवती पिवळा रंग (सुमारे २३० अंश) येताच, तर कोयत्यासाठी जांभळा ते निळा रंग (२८० ते ३०० अंश) येताच थांबावे. कोयता शेवटून आणल्यानंतर त्याला पुन्हा पाणी दिले आहे, याची खात्री करून घ्यावी.

धार लावताना

कोयत्याच्या धारेचा कोन दोन्ही बाजू मिळून ३० ते ४० अंश ठेवावा. फार पातळ धार मुडपते. कलम-चाकूचा कोन सुमारे २० अंश पुरेसा आहे. विजेच्या ग्राइंडरवर पाते निळे पडू देऊ नये. तसे झाल्यास दिलेले पाणी उतरते व धार मऊ होते. पाते वरचेवर पाण्यात बुडवून थंड करावे. रोजच्या कामात निसण्यावर थोडी थोडी धार लावणे अधिक चांगले. दातेरी विळ्याचे दाते निसण्यावर सपाट घासू नयेत. काम संपल्यावर पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा.

खरेदीपूर्वी पारख

धारेवर कानस हलकेच फिरवावी. कानस सहज खात असेल तर पाते मऊ आहे. काचेवरून जावी तशी घसरली तर ते फार कडक आहे. कोयत्याला कानस किंचित अडखळत लागावी. ग्राइंडरवर उडणाऱ्या ठिणग्याही पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ असतात, तर जास्त कार्बनच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात.

खरी परीक्षा मात्र शेतातच होते. दोन कोयते सारख्या कोनात पाजवून एकाच फडात, एकाच व्यक्तीच्या हाती द्यावेत. पुन्हा धार लावण्याची गरज पडेपर्यंत प्रत्येकाने किती सरी तुटल्या, ते लिहून ठेवावे. ज्याने जास्त सरी तुटतील आणि बुडखे न चिरता जमिनीलगत राहतील, तोच कोयता निवडावा. त्याची किंमत थोडी जास्त असली तरी तोडणाऱ्याचे श्रम वाचतात व उसाचे वजनही पदरात पडते.